सखूची घागर



कऱ्हाडच्या सखूबाईची कथा ठाऊक नाही असा वारकरी सापडायचा नाही. सखू कृष्णेवर पाण्याला गेली, समोरून पंढरीला निघालेली दिंडी आली, टाळमृदंगाचा घोष कानी पडला आणि भरली घागर तिथेच ठेवून ती वाटेला लागली. सासरच्यांनी तिला धरून आणली, खांबाला बांधली. मग पांडुरंग सखूचे रूप घेऊन आला, त्याने स्वतःला बांधून घेतले आणि तिला पंढरीला धाडले. पुढे दोर सुटले, आणि जगाचा मालक सासुरवाशिणीचे लुगडे नेसून दळण दळू लागला, कृष्णेचे पाणी भरू लागला. कीर्तनकार इथवर आले की श्रोत्यांच्या डोळ्यांना धारा लागतात आणि कथा पुढे जाते. आमच्या मनात मात्र अलीकडे ती घागर अडून बसली आहे. देवाने भरून आणलेले पाणी सखूच्या सासूने तसेच प्यायले असेल. आज तोच पांडुरंग कऱ्हाडच्या घाटावर घागर बुडवील, तर ते पाणी न गाळता, त्यात औषध न टाकता घरच्या तान्ह्या पोराच्या तोंडाला लावायला आपली छाती होईल काय?

कोणी म्हणेल, महाराज, हे काय पाखंड मांडलेत? कृष्णामाई तीर्थ आहे, तीर्थ कधी विटाळते काय? श्रोते हो, तीर्थ विटाळत नाही हे कबूल. पण तीर्थात आपण जे सोडतो ते तीर्थ नव्हे, हेही कबूल करा. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. वाईचे घाट तिच्यावर, माहुलीला वेण्णा तिला मिळते, कऱ्हाडला कोयना समोरासमोर येऊन भेटते, म्हणून त्या ठिकाणाला प्रीतिसंगम म्हणतात. पुढे वाळवे, पलूस करीत ती सांगलीला येते आणि हरिपुरास वारणेला पोटात घेते. एवढ्या वाटेवर किती गावांची गटारे तिच्यात उतरतात ते आपण रोज डोळ्यांनी पाहतो. वाईने सोडलेले माहुलीला जाते, माहुलीचे कऱ्हाडला, कऱ्हाडचे सांगलीला. ज्याचे त्याला वाटते, घाण आपल्या शिवेबाहेर गेली, आपण सुटलो. सांगलीजवळ नदीत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या वर्षा-दोन वर्षांनी येतात, तेव्हा चार दिवस हळहळ होते, एवढेच.

यावरून म्हाताऱ्या माणसांना मरीआईचा गाडा आठवेल. गावात पटकी शिरली की लोक म्हणत, देवी कोपली. मग लाकडी गाडा करायचा, त्यात मरीआई बसवायची, हळदकुंकू, लिंबू-नारळ वाहायचे आणि वाजतगाजत गाडा शिवेवर नेऊन पलीकडच्या गावच्या हद्दीत सोडायचा. पलीकडच्यांनी तो पाहिला की त्यांनी पुढे ढकलायचा. त्या लोकांना आपण आज अडाणी म्हणतो. पण आपले गटार जेव्हा ओढ्याने नदीत आणि नदीने खालच्या गावात जाते, तेव्हा आपणही मरीआईचा गाडाच ढकलीत असतो. फरक एवढाच, की त्या बिचाऱ्यांना पटकी कशाने होते हे ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने एका हौदाच्या पंपाभोवती माणसे मरतात हे घरोघर फिरून दाखवून दिले, आणि १८८४ साली रॉबर्ट कॉख याला कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यात पटकीचा जंतू सापडला. रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात, इतकी सरळ त्याची वाट आहे. देवीचा यात काही संबंध नाही; उगाच त्या माउलीवर आळ घेतला.

आणि आपल्या वारीचा मात्र याच्याशी फार जुना संबंध आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरची यात्रा फुटली की पटकी यात्रेकरूंच्या पाठीवर बसून गावोगाव जाई. चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो माणसे, तेच स्नान, तेच धुणे, तेच पिणे. पुढे वारीला निघण्यापूर्वी पटकीची सुई टोचून घ्यावी लागे. आमच्या लहानपणी घरातली वडीलमाणसे दंडावरची सूज दाखवून सांगत, ही पंढरीची खूण. ज्या आरफळच्या हैबतबाबांनी माउलींच्या पालखीला दिंड्यांची शिस्त लावली, ते याच सातारा जिल्ह्याचे. चालावे कसे, थांबावे कुठे, कोणी कोणाच्या मागे राहावे, हे सारे त्यांनी बसवून दिले. पाणी कोणते प्यावे हे त्या काळी सांगता येण्यासारखे नव्हते. ते काम आपल्याकडे राहिले.

आता आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. सांगायला जड जाते, पण हे पान कीर्तनाचे आहे आणि कीर्तनात वक्त्याने आपली चूक लपवू नये.

वीस-एक वर्षांमागची गोष्ट. पालखी नीरेला स्नान करून पाडेगावापाशी सातारा जिल्ह्यात आली, लोणंदचा मुक्काम झाला, चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण झाले आणि आम्ही तरडगावी उतरलो. त्या दिवशी ऊन फार होते. आमच्या दिंडीचा पाण्याचा टँकर वाटेतच रिकामा झाला आणि आमच्यातले काही जण रस्त्याकडेच्या शेतातल्या उघड्या हौदाचे पाणी प्यायले. त्यांत माण तालुक्यातले एक बाबा होते. सत्तरी ओलांडलेली, तिसावी वारी, आवाज असा की चाल लावली तर मागचा पुढचा टाळ आपोआप जुळावा. रात्री त्यांना जुलाब सुरू झाले. लाजेने बोलले नाहीत. पहाटे आम्हाला कळले तेव्हा आम्ही काय केले? आम्ही म्हणालो, बाबा, आता पोटात काही घालू नका, पाणीसुद्धा नको, पोटाला विसावा द्या. घोटभर तीर्थ दिले, कपाळाला बुक्का लावला आणि ट्रकात निजवले. ते म्हणाले, "मला काय हुतंय महाराज, पांडुरंग हाय." दिंडी फलटणच्या वाटेला लागली. दोन-तीन तासांनी ट्रकवाल्याने निरोप धाडला तेव्हा बाबांचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी सुरकुतली होती, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती. दवाखान्यात नेले. उशीर झाला होता.

तिथले डॉक्टर आम्हाला रागे भरले नाहीत. इतकेच म्हणाले, "महाराज, यांना औषध फारसे लागले नसते. पाणी लागले असते."

ते वाक्य आमच्या कानात अजून आहे. पांडुरंग होताच, श्रोते हो. आमच्या ट्रकात मीठ होते, साखरेचे पोते होते, पाणी उकळायला चूल होती. हे सारे पांडुरंगच नव्हते काय? आम्ही त्याला ओळखले नाही आणि बुक्क्याच्या डबीत शोधीत बसलो.

म्हणून आता नीट ऐका. जोराची पटकी झालेल्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणीसुद्धा जाऊ शकते. माणूस मरतो तो पाणी आणि क्षार संपल्याने. म्हणून जेवढे जाते तेवढे तोंडाने परत घालायचे. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती, शिरेतून द्यायचे सलाईन संपले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपे भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातलगांनाच पाजायला सांगितले. शंभरांत तीस मरत होते ते चारांच्या आत आले. तेच आपल्या आरोग्य केंद्रातले जलसंजीवनीचे पाकीट. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी, त्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ हातसैल टाकू नये. जास्त झाले तर अपाय होतो. घोट घोट पाजत राहावे, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजावे. तान्ह्याचे अंगावरचे दूध बंद करू नये. लहान मुलांना केंद्रात जस्ताच्या गोळ्या देतात, त्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या कराव्यात. आणि हे करीत असतानाच गाडी बघावी. पाजणे म्हणजे दवाखाना टाळणे नव्हे.

रोग होऊच नये म्हणून काय करावे, तर आपल्या आयाबाया करीत तेच आधी करावे. घागरीच्या तोंडाला फडके बांधून पाणी गाळणे हे आपण सोवळ्याओवळ्यात टाकून दिले. बांगलादेशातील खेड्यांत रीटा कोलवेल आणि अन्वर हक या शास्त्रज्ञांनी बायकांना जुनी सुती साडी घडीवर घडी घालून पाणी गाळायला शिकवले आणि २००३ साली जगाला सांगितले की त्या घरांत पटकी जवळजवळ निम्म्याने घटली. जंतू डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पाणकिड्यांना चिकटून असतो, तो घडीत अडकतो. जुनी साडीच बरी, धुऊन धुऊन तिचा पोत मिटतो; नव्या कापडाची जाळी मोठी. पण निम्मे म्हणजे सगळे नव्हे. गाळल्यावर उकळावे, नाहीतर क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिले आहेत तेवढे टाकून अर्धा तास थांबावे. या अर्ध्या तासात माणसाची सारी साधना दिसते बरं का! एकादशी निर्जळी करणारा माणूस अर्धा तास पाण्यावाचून राहत नाही.

गावच्या पाण्याचीही चौकशी करा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो की पावडरीचे पोते ओल धरून निकामी पडले आहे, हे विचारणे म्हणजे राजकारण नव्हे. पाण्याची नीट काळजी न घेणाऱ्या पंचायतीला आरोग्य खाते लाल कार्ड देते. आपल्या गावाला कोणते कार्ड आहे, हे सप्ताहाची पंगत कोणाकडे आहे याइतके तरी आपल्याला ठाऊक असावे.

गाडगेबाबांचे नाव इथे आल्यावाचून राहत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. गावात आले की आधी खराटा हाती घेत, दिवसभर गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. आम्ही कीर्तनकार त्यातले रात्रीचे तेवढे उचलले! सातारा जिल्ह्याने बाबांचे प्रेम पाहिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाडच्या महाविद्यालयाला बाबांचे नाव दिले. पुढे तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघाले, तेव्हा या दोन्ही जिल्ह्यांतल्या गावांनी चुरशीने गटारे काढली, संडास बांधले. बक्षीस मिळाले त्या गावांचा आनंद आम्ही पाहिला आहे. आणि दहा वर्षांनी त्यातल्या काही संडासांत गोवऱ्या रचलेल्याही पाहिल्या आहेत.

नदीकाठची गोष्ट झाली. माण, खटाव, आटपाडी, जतकडचे भाविक म्हणतील, आमच्याकडे नदीच नाही, आम्हाला काय भीती? त्यांच्याकडे पाणी चार-आठ दिवसांनी येते म्हणून पिंपे, रांजण भरून ठेवावे लागतात, आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आमच्या एका माळकरी आजींनी विचारले, "म्हाराज, एकादशीला रांजण घासला तर चालंल का?" आम्ही म्हणालो, आजी, एकादशी पंधरा दिवसांनी येते, डास तेवढा थांबत नाही. आठवड्याचा एक वार ठरवा, भांडे रिकामे करून आतून घासा, कोरडे करा, तोंडाला फडके बांधा.

पुराचेही थोडे बोलले पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर जो चिखल राहतो त्यात उंदराचे, गुराचे मूत मिसळलेले असते आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून लेप्टोचा जंतू शिरतो. अनवाणी सेवेचे पुण्य या चिखलात मिळत नाही. रबरी बूट घालावेत, जखम झाकावी, ताप आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि चिखलात उतरलो होतो हे सांगावे.

देव कोंडून घेण्याची वेळ आली तर काय करायचे, हेही आपण पाहिले. २०२० साली माउलींच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. कितीकांनी अन्न सोडले, आम्हीही रडलो. पण प्लेगच्या सालात उंदीर पडला की आपले पणजोबा घरदार सोडून रानात खोपटे घालून राहत आणि गाव ओस पडे. त्यांना कोणी नास्तिक म्हणाले नाही.

आमच्या दिंडीच्या ट्रकावर आता दोन मोठी पिंपे असतात, झाकणाची आणि तोटीची, म्हणजे कोणाचा हात आत बुडत नाही. जलसंजीवनीची पाकिटे बुक्क्याच्या डबीशेजारी असतात. मुक्कामाला शासनाची फिरती शौचालये असतात, तिथेच जावे, ओढ्याकडे जाऊ नये, आणि आल्यावर साबणाने हात धुवावेत, हे आम्ही हरिपाठाआधी रोज सांगतो. नवे लोक हसतात. पाण्याची सेवा त्या माणच्या बाबांच्या मुलाने मागून घेतली आहे. तो बापासारखा गात नाही. आईचे जुने लुगडे घडी करून पिंपावर बांधतो, पाणी गाळतो, थेंब मोजून टाकतो, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतो आणि अर्धा तास कोणाला तोटीला हात लावू देत नाही. उन्हातून आलेले वारकरी त्याच्यावर चिडतात, आम्हीही एकदा चिडलो. तो म्हणाला, "थांबा महाराज, अजून सात मिन्टं हायत."