उंचावरून न दिसणारे

आपण दिवाणखान्यात मानपत्रे टांगतो आणि फजितीच्या खुणा माळ्यावर टाकून देतो. शहरांना माळा नसतो. टेकडीवर चढून पाहावे, तर त्यांचा मान आणि अपमान दोन्ही उघड्यावर पडलेले दिसतात.

स्कॉटलंडमधील डंडी शहर टे नदीच्या काठी वसले आहे. त्याच्या मधोमध लॉ नावाची टेकडी आहे. तिच्यावरून मी ते शहर पाहिले. बंगालच्या तागावर ते श्रीमंत झाले. त्या वैभवाचे २८२ फुटी धुराडे अजून उभे आहे. खालची गिरणी मात्र १९८१ साली बंद पडली. काठावर २०१८ साली उघडलेले संग्रहालय जहाजाच्या टोकासारखे पाण्याकडे झुकले आहे. दिसत नाही ती कमान. १८४४ साली व्हिक्टोरिया राणी येथे उतरली, म्हणून पुढे दगडाची भव्य कमान बांधली होती. मोटारींच्या पुलासाठी १९६४ साली ती पाडली आणि तिचे दगड भरावात गेले.

रेल्वेच्या पुलालगत मात्र पाण्यातून डोकावणारी खांबांच्या खुंटांची रांग आहे. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात जुन्या पुलाचा मधला भाग गाडीसकट नदीत कोसळला. गाडीतले कुणीही वाचले नाही. त्याच वर्षी पुलाचे इंजिनिअर टॉमस बाउच यांना राणीने 'सर' केले होते! चौकशीत रचना, बांधणी आणि देखभाल या तिन्हींत दोष निघाले. १८८७ साली शेजारी नवा पूल सुरू झाला.

राणीची कमान गेली आणि अपयशाचे खुंट राहिले, यात मोठा न्याय आहे असे कुणी म्हणेल. पण हा न्याय कुणी केलेला नाही. कमान वाटेत आली, खुंट आले नाहीत, एवढेच! शिवाय ते खुंट आठवण देतात पुलाची. बुडालेल्या माणसांची नव्हे. ज्यांचा मृत्यू निश्चित झाला त्या ५९ जणांची नावे नदीकाठी दगडावर कोरली गेली ती २०१३ साली. मध्ये १३४ वर्षे गेली.

म्हणून शहराने काय राखले, यावरून त्याची परीक्षा करू नये असे मला वाटते. राखणे पुष्कळदा सोयीचे असते. त्याने कुणाची नावे लिहिली, उशिरा का होईना, हे पाहावे. टेकडीवरून पूल दिसतात, धुराडे दिसते. ती नावे वाचायला मात्र खाली नदीवर जावे लागते.