अतिभार आणि आधार

ज्या यंत्राला वेदना नाही, त्याच्यावर क्षमतेपेक्षा अधिक भार लादणे ही हिंसा ठरते काय, हा प्रश्न धारवाडच्या सुभाष रोडसारख्या बाजारपेठेच्या रस्त्यावर केवळ तात्त्विक राहत नाही, कारण तेथे माल उतरवणाऱ्या पिकअपच्या मागच्या चाकांवर बसवलेला स्प्रिंगचा जादा पाटा हे पुष्कळदा त्याच प्रश्नाला मालकाने आधीच दिलेले उत्तर असते.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताचे, म्हणजे संसारी माणसाला झेपेल अशा मर्यादित अहिंसाव्रताचे, पाच अतिचार सांगितले आहेत, आणि बांधणे, मारणे, अवयव छेदणे व अन्नपाणी रोखणे यांच्या पंक्तीत तेथे अतिभारारोपण, म्हणजे पेलणार नाही इतके ओझे लादणे, हाही दोष येतो. कोल्हापूर-बेळगावपासून धारवाडपर्यंतच्या जैन शेतकऱ्या-व्यापाऱ्यांपुढे हा दोष पूर्वी बैलाच्या रूपाने उभा असे. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानेही जनावरावर जादा ओझे लादणे हे क्रौर्यच मानले. बैल असह्य झाले की खाली बसतो. पिकअप फक्त मागे दबते, आणि दबण्याची ती एकमेव खूणही तो जादा पाटा, म्हणजे हेल्पर, पुसून टाकू शकतो.

मागच्या अ‍ॅक्सलवर पोलादी पाट्यांचा थर असतो आणि हेल्पर पाटा त्यापासून थोडे अंतर राखून बसवलेला असतो, त्यामुळे रिकाम्या गाडीत तो स्वस्थ राहतो आणि मुख्य पाटे दबले की मगच टेकून भाराचा वाटा उचलतो. चेसिस व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये बसणारी रबरी पिशवी तेच काम आतल्या हवेच्या दाबाने करते आणि तो दाब भारानुसार कमीजास्त करता येतो. परवानगीच्या वजनातच गाडी मागे फार झुकत असेल, तर पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंगची पकड सुटल्यासारखी वाटते आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. अशा वेळी हेल्पर बसवणे हे कर्तव्यच मानावे लागेल. मात्र त्यामुळे टायर, ब्रेक, अ‍ॅक्सल आणि चेसिस यांची ठरलेली क्षमता किलोभरही वाढत नाही. काही पिकअपमध्ये तर मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवणारा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, जो चेसिस आणि अ‍ॅक्सल यांच्यातील अंतरावरून भार ओळखतो. कडक हेल्परमुळे ते अंतर कमी झालेच नाही, तर भरलेली गाडीही त्याला हलकी भासते आणि मागच्या चाकांना हवा तेवढा ब्रेक मिळत नाही. अनमोड घाटाने गोव्याकडे उतरणाऱ्या गाडीत ही बाब प्राणांवर बेतू शकते. खोटी माहिती माणसाला नव्हे, झडपेला दिलेली असली, तरी येथे सत्यव्रताचाही भंग होतो असेच म्हटले पाहिजे.

यंत्राला वेदना नसते हा आक्षेप खरा असला तरी अपुरा आहे, कारण तत्त्वार्थसूत्र हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावध वृत्तीशी, जोडते आणि कर्माच्या पायऱ्या सांगताना संरंभ, समारंभ व आरंभ असा क्रम लावते. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी या टीकेच्या आधारे संरंभ म्हणजे कृतीमागचा आवेश, समारंभ म्हणजे साधनांची जुळवाजुळव आणि आरंभ म्हणजे प्रत्यक्ष सुरुवात. गॅरेजमध्ये पाटा निवडणे समारंभाच्या पायरीवर येते, म्हणून पुढे अपघात घडो वा न घडो, त्या निवडीची जबाबदारी तेथेच सुरू होते. भरलेली गाडी काट्यावर नेऊन, मागच्या अ‍ॅक्सलचे वजन वेगळे घेऊन आणि ते नोंदणीपुस्तकातील मर्यादेशी ताडून निवडलेला हेल्पर, आणि आणखी दहा पोती बसावीत म्हणून निवडलेला हेल्पर, हे एकाच कारखान्यातून आलेले असले तरी ती दोन भिन्न कर्मे आहेत.

याच विवेचनात कर्माचे कृत, कारित आणि अनुमत, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती दिलेले, असे भेद येतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ११३ वे कलमही जादा वजनाची गाडी चालवणाऱ्याबरोबर ती चालवायला लावणाऱ्याला आणि चालू देणाऱ्याला दोषी धरते, तर २०१९ च्या दुरुस्तीने अशा गुन्ह्याचा दंड २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये केला. खेपेगणिक भाडे मिळवून महिन्याचा हप्ता भरणाऱ्या चालक-मालकाला सरसकट लोभी ठरवणे अन्यायाचे होईल. दोन खेपांचा माल एका खेपेच्या भाड्यात मागणारा व्यापारी कारिताच्या कक्षेत येतो, आणि गाडी सरळ उभी दिसते म्हणून निश्चिंतपणे माल उतरवून घेणारा दुकानदार अनुमताच्या. काट्यावरच्या दंडाची पावती मात्र सहसा त्यांच्या नावाने फाटत नाही. भाडे ठरवतानाच वजन किलोत विचारणे आणि मर्यादेपलीकडच्या मालासाठी दुसऱ्या खेपेचे पैसे देणे, हा अणुव्रतातील व्यापाऱ्याच्या वाट्याचा भाग आहे.