‘उद्धट’ या शब्दात काय काय मावतं

मोहर्लीच्या गेटवर जिप्सीतून दोन प्रकारची माणसं उतरतात: वाघ दिसलेली आणि न दिसलेली. गाईड उद्धट होता, ही तक्रार बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकाराकडून येते. आमच्या घरच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, म्हणून तक्रारीचा मराठी अर्ज लिहून द्यायचं काम माझ्याकडे येतं. मी एकच विचारतो: तो नेमकं काय म्हणाला?

इथे अर्ध्या तक्रारी विरघळतात. ‘उभे नका राहू जी, खाली बसा,’ असं तो दोनदा म्हणाला आणि दुसऱ्यांदा आवाज चढला, एवढंच असतं. पण खाली बसवणं हे तर त्याचं कामच. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पिल्लांना जिप्सींनी घेरलं. चालक-गाईड निलंबित झाले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या दिवशी एखादा गाईड ‘गाडी पुढे जाणार नाही’ म्हणून अडून बसला असता, तर त्याला काय म्हटलं गेलं असतं?

विमानातही तेच. केबिन क्रूचं पहिलं काम सुरक्षेचं, पण आपल्याला दिसतो तो ट्रे आणि हसरा चेहरा. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ च्या ‘द मॅनेज्ड हार्ट’मध्ये हवाई सेविकांच्या कामाचा अभ्यास करून दाखवलं, की ते हसूसुद्धा श्रम आहे आणि कंपनी ते विकते. मग तिकिटात हसू धरलेलं असतं का? मला नाही वाटत. अपमान न होणं मात्र नक्की धरलेलं असतं, आणि ते दोन्ही बाजूंनी. २३ मार्च २०१७ ला उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून दिल्लीला गेले. तिकीट बिझनेस क्लासचं, विमानात तो वर्गच नाही. तक्रारीत दम होता. मग त्यांनी कर्मचाऱ्याला चपलेनं मारलं, आणि ते स्वतःच कॅमेऱ्यासमोर सांगितलं. आज चप्पल सगळ्यांना आठवते, तिकीट कुणालाच नाही. त्याच वर्षी बेशिस्त प्रवाशांसाठी नियम आले: नुसत्या शिवीगाळीलाही तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी.

पण गप्प बसणं म्हणजे चांगुलपणा, हेही मला पटत नाही. नागपूरहून मुंबईला जाताना माझ्या आईनं मराठीत पाणी मागितलं. त्या मुलीनं मराठीतच, सहकाऱ्याकडे वळून, ‘कुठून कुठून येतात’ म्हटलं आणि दोघी हसल्या. आई उतरेपर्यंत पाण्याविना बसली. ‘जाऊ दे ना बाबू,’ ती म्हणाली, ‘पोरीची नवकरी जाईल.’

मी अडलो तो इथेच. नाव दिलं तर शिक्षा एकटीला, न दिलं तर पुढची कुणाची तरी आई तशीच बसणार. शेवटी दुसऱ्या दिवशी कंपनीला लिहिलं: तारीख, फ्लाइट क्रमांक, सीट, जसेच्या तसे शब्द, ते ऐकणारे शेजारी. ‘उद्धट’ हा शब्द गाळला, कारण त्यावर वाद घालता येतो; पाणी दिलं नाही यावर येत नाही. मागितलं काय, तेही लिहिलं: आईच्या नावे मराठीत लेखी उत्तर. कामावरून काढा, असं कुठेही नाही. व्हिडिओ टाकला असता तर लवकर झालं असतं, असं भाचा म्हणाला. झालंही असतं, पण मग तिची शिक्षा हजारो अनोळखी माणसांनी ठरवली असती, आणि त्यांना थांबवायला मी कुठून जाणार?

पहिलं उत्तर छापील खेदाचं, तेही इंग्रजीत. मग तेच सगळं सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर टाकलं. तीन आठवड्यांनी मराठीत पत्र आलं, आईचं नाव घालून. तिनं दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, ‘त्या पोरीले काही केलं तर नाही ना?’

पत्रात ते लिहिलेलं नव्हतं.