वीस मिनिटांनंतर

गेम अडखळायला लागला की मुलगा म्हणतो, लॅपटॉप जुना झाला. बाप म्हणतो, रात्रंदिवस खेळून तूच त्याची वाट लावलीस. निकाल दोघांकडेही तयार असतो. लॅपटॉप उलटा करून मात्र कोणीच पाहिलेला नसतो.

अशा वेळी विचारण्यासारखा प्रश्न एकच : कधीपासून अडखळतो? सुरू केल्या केल्या अडखळत असेल तर कारण वेगळे. पण पहिली वीस मिनिटे झकास चालून मग रडायला लागत असेल, तर नवा घ्यायची भाषा जरा थांबवावी. लॅपटॉप बहुधा तापला आहे.

गोव्यात डिचोली, साखळी, मये या भागातल्या माणसाला धुळीची ओळख करून द्यायला नको. 2012 ची खाणबंदी येण्याआधी खनिजाच्या ट्रकांनी इथल्या दारातल्या तुळशीसुद्धा लाल केल्या होत्या. पेडण्यात खाणींची धूळ नाही, पण पत्रादेवीपासूनच्या महामार्ग रुंदीकरणाने तिथल्या लोकांनाही पुष्कळ धूळ खायला घातली. हरमल-मोरजीकडे रेती आणि खारी हवा आहेच. लॅपटॉपचा पंखा हीच हवा तळाकडून ओढतो आणि कडेच्या जाळीतून बाहेर टाकतो. वाटेत कंगव्याच्या दातांसारखे पातळ पत्रे असतात, धूळ अडते ती तिथे. तळाचे झाकण काढल्यावर पंखा वरवर बरा दिसतो. पण पंखा आणि पत्रे यांच्या फटीत चिमटा घातला, की पावसाळी ओलीने घट्ट झालेला तांबूस थर अख्खाच्या अख्खा हातात येतो. त्यातून वारा जाणार कुठून?

मग प्रोसेसर शहाणपणा करतो. तापमान 95 ते 100 अंश सेल्सिअसच्या घरात गेले की जळून जाऊ नये म्हणून तो आपला वेग आपणच उतरवतो. सेकंदाला 60 चित्रे दाखवायची तर एका चित्राला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. वेग उतरला की ही मुदत हुकते आणि पडद्यावरची गाडी धक्के खाऊ लागते. यंत्र स्वतःला सांभाळत असते, आणि आपण त्याला नालायक ठरवून मोकळे होतो. माणसांच्या बाबतीतही आपली घाई अशीच असते, पण तो विषय मोठा आहे.

आता सुरुवातीपासून अडखळण्याबद्दल. वीज गेली म्हणून बॅटरीवर खेळणाऱ्याने तक्रारच करू नये. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप ग्राफिक्सचा जोर मुद्दाम आवरतात. मूळ चार्जर बिघडला म्हणून कमी वॅटचा स्वस्त चार्जर आणला असेल तर तेच होते. काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात आणि गेम चुकून दुबळ्या चिपवर चालत राहतो. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये हे बदलता येते. चित्र गुळगुळीत चालते, पण समोरचा खेळाडू इथून तिथे उड्या मारतो, तर दोष इंटरनेटचा. त्यासाठी रॅम वाढवून पैसे घालवू नयेत. आणि 1920 बाय 1080 वरून 1280 बाय 720 वर आलात तर यंत्राला निम्म्याहून कमी ठिपके रंगवावे लागतात. चित्र थोडे भरड दिसेल, पण गेम चालेल.

गादीवर लॅपटॉप ठेवून खेळणे हा तर आपल्या घराघरातला रिवाज. तळाची जाळी गादीत रुतली की नवाकोरा लॅपटॉपही गुदमरतो. त्याला पाट किंवा टेबल द्यावे, एवढे फुकटात होते.

तेव्हा चतुर्थीच्या सुट्टीत भाचरे जमण्याआधी लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि जाळी उजेडाकडे धरून पाहा. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावू नका, अधिकृत केंद्रात साफ करून घ्या. ती संपली असेल आणि झाकण काढायची सवय असेल तर मऊ ब्रश घ्या, पण फुंकर मारताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरा. भरधाव फिरले तर पंखाच बिघडायचा. नव्या लॅपटॉपच्या किमती त्यानंतर विचारा.