दोन शाळा, एक तक्ता

आमच्या मंडणगड तालुक्यातल्या शाळा पाहायच्या तर आधी पायात बळ हवे. डोंगर, उतार, विखुरलेल्या वाड्या. एका वाडीतून दुसरीची शाळा समोर दिसते, पण पावसाळ्यात मधला पऱ्या ओलांडता येत नाही. मी मूळची परभणीकडची. बी.एड. करून पदवीधर शिक्षिका म्हणून इथे आले, तेव्हा वाटले होते की तीन वर्षांत बदली करून परत जाऊ. त्याला आता नऊ वर्षे झाली.

आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या दोन शाळा आहेत. मोहल्ल्यात उर्दू, वरच्या वाडीत मराठी. दोन वर्षांपूर्वी एका शिक्षण परिषदेत परिसरातल्या शाळांचा तक्ता भिंतीवर लागला. कोणत्या शाळेतली किती मुले गोष्ट सरळ वाचतात, एवढेच त्यात होते. वरच्या वाडीची शाळा सर्वांत खाली होती आणि आमची तिच्या दोन घरे वर. शेजारी बसलेल्या बाई हसून म्हणाल्या, “चला, तुम्ही तरी वाचलात.” मीही हसले. त्या हसण्याचे काय करायचे, ते मला अजून कळलेले नाही.

शाळांची तुलना करू नये, असे मी म्हणणार नाही. आपल्या समाजाला तर ती हवीच. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने दाखवून दिले की शाळेत जाणाऱ्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ४ टक्के मदरशात शिकतात. बाकीची सगळी साध्या शाळांत आहेत आणि खेड्यात साधी शाळा म्हणजे बहुतेक वेळा सरकारी शाळा. ती कशी आहे हे विचारायचा हक्क बापाला आहे, आईला तर जास्तच आहे. प्रश्न एवढाच की तक्ता नेमके कशाचे माप घेतो?

वरच्या शाळेत बहुसंख्य मुले कातकरी आहेत. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जातात आणि मुलेही त्यांच्यामागे जातात. पटावर नाव राहते, बाकावर कोणी नसते. तिथले गुरुजी भट्टीचा पत्ता काढून पुस्तके पोचवतात, हे मी पाहिले आहे. तक्त्यात त्याला रकाना नाही. आमच्याकडे तऱ्हा वेगळी आहे. ज्यांचा बाप आखातात किंवा जहाजावर आहे, त्यांची मुले गाडीत बसून इंग्रजी शाळेत जातात. आमच्याकडे उरतात ती ज्यांना बाहेरून पैसे पाठवणारे कोणी नाही त्यांची. त्यात घरची बोली कोकणी, पुस्तक उर्दू आणि बाजारात मराठी. राज्यघटनेचे कलम ३५०-क १९५६ साली आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे ते सांगते. इथल्या मुलाची मातृभाषा कोणती, हे मात्र त्या मुलाला विचारल्यावरच कळते. माझी उर्दू मराठवाड्याची. पहिल्या वर्षी मुले माझ्याकडे परक्या मुलखातल्या बाईसारखी बघत.

पण इथेच मला थांबावे लागते, कारण हे सगळे खरे असूनही आम्हा शिक्षकांना ते फार सोयीचे आहे. “घरची परिस्थिती” म्हटले की आपला वाटा झाकला जातो. माझा वाटा मी सांगते.

पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी चौथीतल्या एका मुलीला मी म्हटले, “तू उद्या नाही आलीस तरी चालेल.” तिला अक्षरे येत, शब्द अडत. पट एवढा लहान की एका मुलीने आमचा आकडा खाली गेला असता. ती आली नाही. तक्त्यात आम्ही चांगले वर चढलो. दोन दिवसांनी तिची आई विहिरीवर भेटली.

“बाजी, परवा शाळा होती ना? मग हिला नको का म्हणालात?”

“मला वाटलं हिला ताप आहे.”

“ताप नव्हता, बाजी.”

एवढे बोलून तिने कळशी उचलली. ती रागावली असती तर बरे झाले असते.

‘असर’चे सर्वेक्षण २००५ पासून होते. त्यात मुलांना शाळेत नाही, घरी जाऊन वाचायला देतात. याचे कारण मी पूर्वी कधी विचारात घेतले नव्हते. शाळेत गैरहजर असलेले मूल घरी सापडते. माझ्यासारख्या बाईने लपवलेलेही सापडते.

आता मला तक्त्यापेक्षा तो कोणाच्या हातात आहे, याचीच जास्त काळजी वाटते. साहेबाच्या हातात तो असेल तर त्याने तळच्या शाळेकडे पाहून विचारावे, तिथे काय कमी आहे? शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्यात साठपर्यंत मुलांच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक सांगितले आहेत. ते आहेत का, हा पहिला प्रश्न. पालकाच्या हातात तोच तक्ता आला की तो मुलाला काढून नेतो. त्याला दोष कसा द्यावा? आपले मूल कोणी तत्त्वासाठी मागे ठेवत नाही. पण तो गेला की पट घटतो, एक शिक्षक दुसरीकडे जातो, आणि जे जाऊ शकत नाहीत त्यांची शाळा आणखी दुबळी होते. कोणीच चुकले नाही, तरी नुकसान झाले. ते कोणाच्या खात्यावर लिहायचे?

हा प्रश्न या जूनमध्ये आमच्या घरात आला. थोरली सहा वर्षांची झाली. तिचे अब्बू म्हणाले, “तूच तक्ते भरतेस. आतलं सगळं तुला ठाऊक. तरी तिथेच घालणार?” मी म्हटले, आतले ठाऊक आहे म्हणूनच. ते म्हणाले, हे उत्तर नव्हे, हा हट्ट आहे. असेलही. आठ दिवस घरात मोजकेच बोलणे होते. शेवटी तिचे नाव मी आमच्या शाळेत घातले, ‘एक वर्ष बघू’ या अटीवर. ही अट त्यांची की माझी, यावर अजून वाद आहे.

चौथीतली ती मुलगी आता पाचवीत आहे. परिच्छेद वाचते, गोष्ट अजून अडते. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास आम्ही दोघी बसतो. तपासणी डिसेंबरात आहे आणि मी तिच्या आईला तारीख सांगून आले आहे.