तीस गुणांची कसोटी

‘साठी बुद्धी नाठी’ असं आपण सहज म्हणून जातो. वय झालं की विसरणं आलंच, ही समजूत त्यात मुरलेली आहे. वैद्यकशास्त्रही फार काळ याच समजुतीत वावरत होतं. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात अलोइस अल्झायमर यांनी ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटर यांना तपासलं. ते वस्तू दाखवत, नावं विचारत आणि थोड्या वेळानं, काय दाखवलं होतं, असं पुन्हा विचारत. पुढे १९१० मध्ये त्यांच्या या विस्मृतीच्या आजाराला अल्झायमर यांचं नाव मिळालं, पण ते ऐन पन्नाशीत गाठणाऱ्या आजारापुरतं. सत्तरीतल्या माणसाचं विसरणं वयाच्याच खात्यावर राहिलं.

ते खातं बदललं १९६८ मध्ये. न्यूकॅसलमध्ये ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांच्या जवळच्या माणसांना त्यांच्या रोजच्या जगण्याबद्दल विचारून गुण दिले आणि मृत्यूनंतर मेंदू तपासले. जगण्यातली घसरण जितकी जास्त, तितके मेंदूतले विकाराचे ठिपके जास्त. म्हणजे हा म्हातारपणाचा धर्म नव्हता, आजार होता.

१९७५ मध्ये मार्शल फोल्स्टीन, सुझन फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी तीस गुणांची छोटी चाचणी तयार केली. शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा, एकमेकांत गुंतलेले पंचकोन काढा. काही मिनिटांत होणारी ही चाचणी जगभर गेली आणि चोविसाच्या खाली गुण म्हणजे धोक्याची खूण, हा प्रघात पडला. पण १९९३ मध्ये अमेरिकेतल्या अठरा हजारांहून अधिक लोकांचे गुण मांडले गेले, तेव्हा किमान नऊ वर्षं शिकलेल्यांचा मध्यांक २९ निघाला, तर जेमतेम चार वर्षांपर्यंत शिकलेल्यांचा २२. चाचणी स्मृतीबरोबर शाळाही मोजत होती.

मग जिनं कधी पाटी धरली नाही, तिचं काय? हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या भारतीय आणि अमेरिकी संशोधकांपुढे हाच प्रश्न होता. १९९५ मध्ये त्यांनी हिंदी चाचणी प्रसिद्ध केली. शंभरातून सातऐवजी विसातून तीन वजा करायचे, शब्दाची अक्षरं उलटी सांगण्याऐवजी वार उलटे म्हणायचे, लिहिलेली सूचना वाचण्याऐवजी समोरचा करतो तसं करायचं. पुढे १९९९ मध्ये त्याच परिसरात घरच्यांसाठी वेगळी प्रश्नावली आली. त्यांचे आईवडील गावात वाट चुकतात का, सांगितलेलं काम लक्षात ठेवतात का, हे त्यांना विचारलं जाऊ लागलं. न्यूकॅसलनं घरच्यांनाच विचारून जी सुरुवात केली होती, तिथेच विचार फिरून आला.

मला यात मोठं शहाणपण दिसतं. तारीख न सांगता येणारी आजी आज वद्य अष्टमी आहे हे अचूक सांगते, तेव्हा तिची स्मृती शाबूत असते. उलट, उभा जन्म हिशेब लिहिलेला माणूस चाचणीत चांगले गुण मिळवतो आणि घरी मात्र वीजबिल दोनदा भरतो. पहिलीला आकडा उगाच आजारी ठरवतो, दुसऱ्याचा आजार झाकतो. आणि आपली म्हण तर दोघांकडेही पाहत नाही. तीस गुण हवेतच, पण ते दार ठोठावण्यापुरते. खरी तुलना दुसऱ्या कुणाशी नसते. काल-परवापर्यंत हाच माणूस जे सहज करत होता, त्याच्याशी ती करायची असते, आणि तो कालचा माणूस ठाऊक असतो फक्त घरच्यांना. म्हणून आई तोच प्रश्न चौथ्यांदा विचारते तेव्हा ‘वयच झालं’ म्हणून विषय संपवू नये. पूर्वी ती असं करायची का, हे आठवावं आणि डॉक्टरांना नीट सांगावं.