चुकलेले पिलू व त्याची आई

(लूक १५ : ३–७ वाचावे.)



नातवासाठी काही घ्यावे म्हणून मी मुंबईस दादर येथील एका पुस्तकांच्या दुकानात गेलो होतो. तेथे मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत एकच गोष्ट फिरून फिरून दिसली : पिलू आईपासून चुकते, भेटेल त्यास आईविषयी विचारते, आणि शेवटच्या पानावर आई भेटते. पी. डी. ईस्टमन यांचे १९६० साली निघालेले ‘आर यू माय मदर?’ हे यांपैकी फार प्रसिद्ध होय. त्यातील पक्ष्याचे पिलू मांजराला, कोंबडीला, कुत्र्याला, गाईला, फार काय, माती उपसणाऱ्या यंत्रालाही आई समजू पाहते. परंतु त्याच्या शोधाने आई सापडत नाही. ते यंत्रच त्यास उचलून पुन्हा घरट्यात ठेवते, आणि चारा आणावयास गेलेली आई तेथे परत येते.

ही केवळ मुलांची करमणूक नव्हे. जुन्नर-आंबेगावाकडील आपल्या शेतकरी बांधवांस विचारा. ऊसतोडीच्या वेळी सरीत बिबट्याचे बछडे सापडतात. ती पोरकी झाली असे समजून लोक त्यांस गावात आणीत. वास्तविक आई केवळ भक्ष्यासाठी गेलेली असे. आता वनखात्याचे लोक व माणिकडोह केंद्राचे पशुवैद्य पिलांस तपासून, सायंकाळी खोक्यात घालून, सापडली त्याच शेतात ठेवतात व दूर होतात. पुष्कळदा अंधार पडल्यावर मादी येते आणि एकेक पिलू तोंडात धरून नेते.

प्रभूच्या दाखल्यातही, पाहा, मेंढरू काय करीत होते याविषयी एक शब्द नाही. पायपीट सारी मेंढपाळाची आहे. यशया संदेष्ट्याने देवाच्या प्रीतीस आईची उपमा दिली (यशया ४९ : १५), ती उगीच नव्हे. मग उपदेशकाचे काम ते काय? आई होणे तर नव्हेच. लालबागेत गणेशोत्सवाच्या गर्दीत मूल चुकले, तर शहाणा स्वयंसेवक त्यास घेऊन भटकत नाही. एका जागी बसवून पाणी देतो आणि कर्ण्यावरून नाव पुकारतो.

आम्ही मात्र काय केले ते सांगतो. आमच्या मंडळीतील एक तरुण परळास नोकरीस गेला. जेथे पूर्वी गिरण्यांचे भोंगे वाजत, तेथे आता उंच कचेऱ्या आहेत. त्यास रविवारीही सुटका नसे. दोन वर्षांनी नाताळास तो गावी आला व मंदिरात मागल्या बाकावर आईजवळ बसला. उपासना सुटताच आम्ही वडील माणसांनी त्यास दारातच गाठले : इतके दिवस कोठे होतास? वर्गणी का पाठविली नाहीस? विचारणाऱ्यांत मीही होतो. पिलू आपल्या जागी येऊन बसले होते. आम्हीच त्यास तेथून उचलले.

पुढील नाताळास तो आला नाही. त्याची आई अद्याप दर रविवारी त्याच बाकावर, शेजारी पदर पसरून, एका माणसाची जागा राखून बसते.